बंदी न घालता हरवलेलं पुस्तक

मुलींनी काय वाचावं आणि काय वाचू नये, ही चर्चा घरोघरी चालते. आज आम्ही ज्या पुस्तकाबद्दल बोलणार आहोत, ते आपल्या बुलढाण्याच्याच बाईनं लिहिलेलं आहे.

ताराबाई शिंदे त्यांचं नाव. वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते, सत्यशोधक समाजातले. लेकीला त्यांनी घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला पोटच्या मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात फाशी टळून काळं पाणी झालं. पण वर्तमानपत्रांना निमित्त मिळालं. बायकांची जातच कशी वाईट, यावर रकाने भरू लागले. त्या मुलीला या दशेला आणणारा पुरुष कोण, हे कुणी विचारीना. विधवेला दुसरं लग्न नाही आणि बायको मेलेला पुरुष लगेच पुन्हा बोहल्यावर, हा कुठला न्याय? ताराबाईंनी १८८२ मध्ये हेच विचारलं. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापलं गेलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

सरकारनं त्यावर बंदी घातली नाही. गरजच पडली नाही म्हणा! टीकेची झोड उठली, आणि नाकं मुरडणाऱ्यांत जवळची मंडळीही होती. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. हेही विसरलं गेलं, ते थेट १९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. मधली ९३ वर्षं बुलढाण्यातल्या किती पोरी शिकल्या, नांदायला गेल्या, आज्या झाल्या. आपल्याच गावच्या बाईनं हे लिहून ठेवलंय, याचा त्यांना पत्ता नव्हता.

पुस्तकाची भाषा तिखट आहे, शिव्याशापही आहेत. म्हणून मुलींपासून ते लांब ठेवावं, असं आम्हाला वाटत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला खुशाल द्यावं. जुने शब्द अडतील, तेव्हा मोठ्यानं वाचा, आजीलाही जवळ बसवा. काही मतं मुलींना पटणार नाहीत, तिथं त्यांना भांडू द्या.

पुस्तक लहानसंच आहे. ग्रंथालयात नावानिशी मागा. आणि घरात मुलगा असेल तर त्यालाही द्या, कारण ताराबाईंनी जाब विचारलाय तो पुरुषांनाच.