पन्नास वाव पाण्याखालचे घड्याळ

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील केळशी हे गाव वाळूच्या टेकडीसाठी प्रसिद्ध आहे. गावाला लागून खाडी आहे. अशा खाडीतून होडी बाहेर काढायची तर दोन गोष्टींचा हिशेब ठेवावा लागतो. पाणी किती खोल आहे आणि भरतीला किती वेळ आहे. कोकण किनाऱ्यावर या दोन्हींच्या मोजमापाच्या जुन्या पद्धती आहेत. खोली मोजायची ती वावात. दोन्ही हात आडवे पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचे अंतर म्हणजे एक वाव. चार हात, म्हणजेच सुमारे सहा फूट. वजन बांधलेली दोरी तळाशी सोडायची आणि वर ओढताना वाव मोजत जायचे. वेळ काढायची ती चंद्रावरून. तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यासाठी घड्याळ लागत नाही, पंचांग लागते.

इंग्रजीत ज्याला फॅदम म्हणतात तो आपला वावच. माणसाच्या पसरलेल्या हातांवरूनच तेही माप आले. 1953 साली स्वित्झर्लंडच्या ब्लँपें या कंपनीने पाणबुड्यांसाठी एक मनगटी घड्याळ बनवले आणि त्याचे नाव ठेवले ‘फिफ्टी फॅदम्स’, म्हणजे पन्नास वाव. त्या काळी हवेच्या टाक्या पाठीवर घेऊन माणूस जास्तीत जास्त जिथवर जाऊ शकेल असे मानले जाई, ती ही खोली. मीटरमध्ये सांगायचे तर सुमारे 91. केळशीहून एवढ्या खोल पाण्यात जायचे तर किनारा दिसेनासा झाल्यावरही कितीतरी पुढे जावे लागेल.

अशी घड्याळे जमवण्याचा छंद आज जगभर पसरला आहे. गंमत अशी की ती जमवणाऱ्यांपैकी बरेच जण कधी समुद्रात बुडी मारत नाहीत. मग हे घड्याळ त्यांना का हवेसे वाटते? अनेकांच्या बाबतीत याचे उत्तर त्यांनी लहानपणी वाचलेल्या साहसकथांमध्ये सापडते. या कथा आणि ही घड्याळे यांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे आणि त्यात विज्ञानाचा एक धडाही आहे. कथांनी तो धडा बहुतेक वेळा गाळला, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट.

सुरुवात ज्यूल व्हर्नपासून करावी लागते. ‘समुद्राखाली वीस हजार लीग’ ही त्याची कादंबरी 1869-70 मध्ये प्रसिद्ध झाली. मराठी मुलांपर्यंत व्हर्न पोहोचवला तो ‘फास्टर फेणे’चे जनक भा. रा. भागवत यांनी. कॅप्टन नेमो हे पात्र आपल्याला परके नाही. पुढच्या ‘रहस्यमय बेट’ या कादंबरीत व्हर्नने नेमोची ओळख उघड केली. तो बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, 1857 च्या उठावात लढलेला. हा नेमो आपल्या पाहुण्यांना पाठीवर हवेची टाकी देऊन समुद्रतळावर फिरायला नेतो. ती टाकी निव्वळ कल्पनेतली नव्हती. रुकेरॉल आणि देनेरूझ या दोन फ्रेंच गृहस्थांनी 1860 च्या दशकात तसे उपकरण खरोखर बनवले होते आणि व्हर्नने त्यांचे नाव घेऊनच ते कथेत वापरले.

नेमोची मंडळी तळावर तासन्‌तास चालतात, शिकार करतात आणि सुखरूप परत येतात. त्याच वर्षांत एजियन समुद्रात स्पंज काढणाऱ्या ग्रीक पाणबुड्यांकडेही दाबाखालची हवा पुरवणारे नवे पोशाख पोहोचले होते. पूर्वी ते एका श्वासात बुडी मारून वर येत. आता त्यांना बराच वेळ तळाशी राहता येऊ लागले. वर आल्यावर सांधे दुखत, पाय लुळे पडत, कित्येक जण दगावत. पुलांचे खांब घालण्यासाठी हवेच्या दाबाखाली नदीच्या तळाशी काम करणाऱ्या मजुरांचीही तीच गत होई. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग याच आजाराने 1872 मध्ये अंथरुणाला खिळला.

याचे कारण फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर याने 1878 मध्ये मांडले. पाण्यात दर दहा मीटरला, म्हणजे साधारण साडेपाच वावांना, दाब एका वातावरणाने वाढतो. या वाढलेल्या दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये जास्त प्रमाणात विरघळतो. माणूस झपकन वर आला की दाब एकदम उतरतो आणि सोडावॉटरची बाटली उघडल्यावर व्हावे तसे शरीरात बुडबुडे तयार होतात. किती नायट्रोजन विरघळेल हे दोनच गोष्टींवर ठरते: खोली आणि त्या खोलीवर घालवलेला वेळ. हे व्हर्नला ठाऊक असणे शक्यच नव्हते, म्हणून त्याला दोष देता येणार नाही. पण पाणबुड्याला घड्याळ का लागते याचे उत्तर इथे मिळते. भेटीची वेळ चुकू नये म्हणून नव्हे. किती मिनिटांत परत निघायचे हे कळावे म्हणून.

ती मिनिटे मोजून त्यांचा तक्ता बनवला ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन याने. त्याने बोकड-शेळ्यांना दाबाच्या कोठीत ठेवून प्रयोग केले आणि टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याची पद्धत 1908 मध्ये प्रसिद्ध केली. 1906 च्या प्रयोगांच्या वेळी त्याने आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही पाणबुड्याचा पोशाख चढवून समुद्रात उतरवले. पोशाख मोठा असल्याने आत पाणी शिरले, पण पोरगा डगमगला नाही. हाच मुलगा पुढे जे. बी. एस. हॉल्डेन म्हणून प्रसिद्ध झाला, 1957 मध्ये भारतात येऊन राहिला आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला. साहसकथेत शोभावा असा हा प्रसंग कादंबऱ्यांत मात्र फारसा आढळत नाही.

आता घड्याळाकडे येऊ. आपल्याकडे पाण्यात बुडणारे कालमापक फार जुने आहे, ते म्हणजे घटिकापात्र. मात्र त्याचे कामच बुडण्याचे. मनगटी घड्याळाची अडचण उलटी होती. पाणी शिरते ते किल्लीच्या दांडीतून, काचेच्या कडेने आणि मागच्या झाकणातून. 1926 मध्ये रोलेक्सने या तिन्ही वाटा आटे आणि बंदिस्त जोड वापरून बुजवल्या आणि त्या घड्याळाला ‘ऑयस्टर’, म्हणजे कालव, असे नाव दिले. पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्लिश खाडी पोहणारी तरुणी ते गळ्यात बांधून थंड पाण्यात उतरली. त्या खेपेस ती पलीकडे पोहोचली नाही. दहा तासांहून अधिक काळ पोहल्यावर तिला बाहेर काढावे लागले. घड्याळ मात्र चालू होते आणि कंपनीने वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर ते जाहीर केले. घड्याळ विकायला गोष्ट लागते, हे व्यापाऱ्यांना तेव्हाच कळले असावे.

1943 मध्ये जॅक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी श्वासागणिक मागणीप्रमाणे हवा देणारे उपकरण तयार केले आणि पाणबुडा नळीपासून मोकळा झाला. आता त्याच्या मिनिटांचा हिशेब ठेवायला वर होडीत कोणी उरले नाही, तो स्वतःच ठेवायला हवा. ब्लँपेंचे प्रमुख झां-झाक फिश्टर हे स्वतः हौशी पाणबुडे. एकदा पाण्याखाली त्यांना वेळेचे भान राहिले नाही आणि टाकीतली हवा संपली. त्या प्रसंगातून ‘फिफ्टी फॅदम्स’ घडले. काचेभोवती आकडे कोरलेले एक फिरते कडे असते. बुडी मारताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवायची. मग काटा पुढे सरकेल तसे गेलेले मिनिट थेट कड्यावर वाचता येते. वजाबाकी करायला नको. थंडीने आणि नायट्रोजनच्या गुंगीने डोके बधिर झाले असताना वजाबाकी चुकते. पुढच्या काळात हे कडे एकाच दिशेने फिरेल असे करण्यात आले. धक्का लागून ते सरकले तरी गेलेला वेळ प्रत्यक्षापेक्षा जास्तच दिसतो आणि माणूस लवकर वर येतो. चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला व्हावी, हे यंत्ररचनेतले तत्त्व शिकवायला याहून सोपे उदाहरण मला सुचत नाही. फिश्टर पुढे स्वतःच कादंबरीकार झाले आणि 1993 मध्ये त्यांच्या रहस्यकथेला फ्रान्समध्ये पारितोषिक मिळाले!

त्याच 1953 च्या वसंतात इयन फ्लेमिंग हा इंग्रज पत्रकार मार्सेजवळ कुस्तोच्या मोहिमेवर गेला होता. तळाशी बुडालेले प्राचीन जहाज पाहायला तो स्वतः पाण्यात उतरला. पुढच्या वर्षी त्याची दुसरी जेम्स बाँड कादंबरी आली आणि तिच्यात बाँड समुद्राखाली उतरला. 1962 च्या पहिल्या बाँडपटात नायकाच्या मनगटावर रोलेक्सचे ‘सबमरीनर’ होते, आणि पाणबुड्याचे घड्याळ सुटाबुटावर घालायची फॅशन तिथून फोफावली.

बाँडपेक्षा माझ्या मते महत्त्वाचा आहे क्लाइव्ह कस्लर. हा अमेरिकन लेखक 1960 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात पाणबुड्यांच्या सामानाच्या दुकानात नोकरीला होता. त्याचा नायक डर्क पिट बुडालेली जहाजे शोधतो आणि पुस्तकामागून पुस्तकात त्याच्या हातात नारिंगी तबकडीचे ‘डॉक्सा’ घड्याळ असते. पहिली पिट-कथा 1973 मध्ये आली, टायटॅनिक वर काढण्याची कथा 1976 मध्ये. खरे टायटॅनिक सापडायला 1985 उजाडले. ‘डॉक्सा’ ही लहान कंपनी. तिचे जुने घड्याळ शोधत हिंडणाऱ्यांपैकी अनेकांना ते नाव पहिल्यांदा कळले ते कस्लरच्या पुस्तकातून. कस्लरने पुस्तकांच्या उत्पन्नातून बुडालेली जहाजे शोधणारी खरी संस्था काढली आणि अमेरिकी यादवी युद्धातली ‘हनली’ ही पाणबुडी तिने 1995 मध्ये शोधून काढली.

1967 च्या त्या ‘डॉक्सा’च्या कड्यावर आकड्यांच्या दोन रांगा आहेत. आतली मिनिटांची, बाहेरची फुटांत खोलीची. ही बाहेरची रांग म्हणजे अमेरिकी नौदलाचा त्या काळचा तक्ता: न थांबता वर यायचे असेल तर कोणत्या खोलीवर किती मिनिटे राहता येईल. साठ फुटांवर साठ मिनिटे, शंभर फुटांवर पंचवीस, एकशेवीस फुटांवर पंधरा. हॉल्डेनच्या शेळ्यांपासून सुरू झालेला हिशेब इथे मनगटावर येऊन बसला आहे. कथेने ज्याचा फक्त रंग सांगितला ते घड्याळ हातात घेतले की कथेने गाळलेला भाग त्यावरच लिहिलेला दिसतो. (रंगाचेही थोडे सांगायला हवे. पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते. नारिंगी तबकडीही खोलवर फिकी पडते, पण काळ्या काट्यांमागे ती उठून दिसते.)

1983 पासून पाण्याखालचे संगणक मिळू लागले. ते खोली आणि वेळ दोन्ही मोजून हिशेब स्वतःच करतात. तेव्हापासून यांत्रिक घड्याळ पाणबुड्याच्या गरजेतून हळूहळू उतरले आणि संग्राहकाच्या कपाटात चढले.

मुंबईचा या इतिहासाशी दुहेरी संबंध आहे. फाव्र-ल्यूबा ही स्विस कंपनी एकोणिसाव्या शतकापासून मुंबईत होती. तिची ‘सी चीफ’, ‘सी किंग’ ही घड्याळे नावापुरतीच सागरी. पण 1960 च्या दशकात याच कंपनीने ‘बॅथी’ नावाचे घड्याळ काढले. त्याच्या मागच्या झाकणाला भोके होती. त्यातून शिरलेले पाणी एका पातळ पडद्यावर दाब देई आणि वेगळा काटा पन्नास मीटरपर्यंतची खोली दाखवी. मनगटावरचा दाबमापकच तो. दुसरा संबंध कमी अभिमानाचा आहे. जुनी यंत्रे, नव्याने रंगवलेल्या भडक तबकड्या आणि कुठलेतरी सुटे भाग जुळवून तयार झालेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. इतिहासाच्या शिक्षकाला यात चांगली सामग्री आहे. तबकडीवरचा मजकूर, यंत्रावरचा क्रमांक आणि घडणीचा काळ एकमेकांशी जुळतात का, हे पाहणे म्हणजे साधनांची चिकित्साच.

एक धोक्याची सूचना मात्र शाळेत आवर्जून द्यावी. आपण अंधारात चमकणाऱ्या काट्यांना सरसकट ‘रेडियमचे’ म्हणतो. आजच्या घड्याळांत बहुधा स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असते, ते निरुपद्रवी. पण 1960 च्या सुमारापर्यंतच्या अनेक घड्याळांत खरे रेडियम आहे. अमेरिकेत 1920 च्या सुमारास असे काटे रंगवणाऱ्या तरुण मुली ब्रशाचे टोक ओठांनी सारखे करीत. त्यातल्या कित्येकींचे जबडे झिजले आणि त्या मृत्यू पावल्या. जुन्या घड्याळाचा उजेड गेला म्हणजे रेडियम संपले असे नव्हे. संपतो तो चमकणारा झिंक सल्फाइड. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षे आहे. आजोबांच्या पेटीत असे घड्याळ सापडले तर त्याचे झाकण उघडू नये आणि रंग खरवडू नये. तबकडीवर ‘30 मीटर’ छापलेले साधे घड्याळ घेऊन कोणी तीस मीटर खाली जाऊ नये, हेही सांगून ठेवावे. तो आकडा कारखान्यातल्या स्थिर दाबाच्या चाचणीचा असतो. हात धुण्यापुरते आणि पावसापुरते ते घड्याळ चालेल. पाणबुड्यांच्या घड्याळासाठी आंतरराष्ट्रीय मानक किमान शंभर मीटरचे आहे.

वर्गात हे सारे करून पाहायला महागडे घड्याळ लागत नाही. पुठ्ठ्याच्या दोन गोल चकत्या मध्यभागी टाचणीने जोडाव्यात. आतल्या चकतीवर साठ मिनिटे आखावीत. वरचा तक्ता फुटांत आहे. मुलांना तो वावात करायला सांगावा आणि ते आकडे बाहेरच्या चकतीवर लिहून घ्यावेत. साठ मिनिटांसमोर दहा वाव येतील आणि पंधरा मिनिटांसमोर वीस. शंभर फुटांपाशी मुले अडतील, कारण तिथे वावाचा अपूर्णांक येतो. त्या आधी प्रत्येकाने हात पसरून स्वतःचा वाव दोरीवर मोजून घ्यावा. सहावीतल्या मुलाचा वाव आणि शिक्षकांचा वाव सारखा येत नाही. मग वीस वावांवर राहायची पंधरा मिनिटे कोणाच्या वावाने मोजायची, हा प्रश्न कोणीतरी विचारतेच.