रक्तदाबाचं औषध तान्ह्याच्या तोंडी

आमच्या मोहाडीत बाळ पाहायला आलेली बाई आधी त्याचं वजन विचारते. माझी नोकरी नागपुरात नवजात बाळांच्या कक्षात गेली. तिथं एका औषधामुळे वाढत्या वजनाचीच धास्ती बसली. ते औषध म्हणजे डायझॉक्साइड.

काही बाळांच्या अंगात जन्मापासूनच इन्सुलिन जास्त बनतं. साखर कोसळते, झटके येतात, मेंदूला कायमची इजा होते. पूर्वी शस्त्रक्रियेवाचून फारसा इलाज नव्हता. 1934 साली सेंट लुईसच्या एव्हर्ट्स ग्रॅहॅम यांनी अशाच एका लेकराच्या स्वादुपिंडाचा मोठा भाग कापून काढला.

डायझॉक्साइड मुळात मोठ्यांचा रक्तदाब उतरवायला तयार झालं. ते घेणाऱ्यांची साखर चढते, हे लक्षात आलं आणि 1964 मध्ये ड्रॅश व वुल्फ यांनी तो दोषच मुलांच्या कामी लावला. स्वादुपिंडाच्या पेशींमधली पोटॅशियमची दारं हे औषध उघडी ठेवतं, मग इन्सुलिन आतच अडतं. पण तशीच दारं रक्तवाहिन्यांतही असतात. म्हणून हृदयावरचे आणि रक्तवाहिन्यांवरचे परिणाम मला कधी उपरे वाटले नाहीत; या औषधाचं पहिलं काम तिथंच होतं.

आंधळगावची एक आजी नातवाला पाहून हरखली होती. "सिस्टर, पोरानं बाळसं धरलं जी!" तान्ह्याचं वजन दिवसाला वीस-तीस ग्रॅमनं वाढावं, याचं एका दिवसात दीडशेनं वाढलं होतं. मी पावलावर बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला. दूध पिताना बाळाला धाप लागत होती. डायझॉक्साइड शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, म्हणून सोबत लघवीचं औषध देतात. तरीही कधी हृदयावर भार येतो, फुप्फुसांतल्या वाहिन्यांचा दाब चढतो. डॉक्टरांनी लगेच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करवला आणि औषध बंद केलं. साखर सलाइनमधल्या ग्लुकोजवर आणि ऑक्ट्रिओटाइडच्या इंजेक्शनांवर सांभाळली. दर थोड्या वेळानं टाचेतून रक्ताचा थेंब घ्यावा लागे. आजी तेवढा वेळ तोंड फिरवून बसायची. धाप हळूहळू उतरली.

अमेरिकेच्या औषध प्रशासनानं फुप्फुसांतल्या या दाबाबद्दल जाहीर इशारा दिला तो 2015 च्या जुलैत. 1973 पासूनच्या नोंदींत त्यांना अशी 11 बाळं सापडली. औषध थांबवल्यावर सगळ्यांचा त्रास गेला किंवा कमी झाला. आकडा लहान दिसतो, पण आजारच विरळा आहे, आणि कुणीतरी लिहून कळवलं तेवढंच मोजलं गेलं. आपल्याकडे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 साली सुरू झाला. तो फॉर्म परिचारिकाही भरू शकते. माझ्या मते तिनंच भरावा, कारण सूज आधी तिच्या बोटाला कळते.

एवढ्या जोखमीचं असूनही या आजारात आधी डायझॉक्साइडच देतात, आणि ते बरोबरच आहे. साखर पडू दिली तर मेंदू जातो. म्हणून हे औषध घेऊन घरी निघालेल्या प्रत्येक बाळाच्या कागदावर मी ठळक अक्षरांत लिहायची: रोज एकाच काट्यावर वजन, पापण्या आणि पावलं पाहणं, दूध पिताना धाप लागली तर त्याच दिवशी दवाखाना, इकोची तारीख चुकवायची नाही. आणि आजीला समोर बसवून ते वाचून दाखवायची.