इंग्रजी न जाणणारा हॅम्लेट

गणपतराव जोशी यांना इंग्रजी येत नव्हते. शालेय शिक्षणही बेताचेच. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी प्रेक्षकाला हॅम्लेट म्हटले की त्यांचाच चेहरा आठवे. मूळ नाटक वाचू न शकणाऱ्या नटाच्या अंगी ही भूमिका भिनली कशी? त्यासाठी तालमीत डोकवावे लागते. हा धागा त्या तालमीविषयी.

आधी थोडे मागे. 1843 मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' झाले. सूत्रधार पदे गाई आणि पात्रे प्रसंगानुरूप सुचेल ते बोलत. राक्षस आरोळी ठोकीत येई. पात्राचे मन उकलण्याचा प्रश्न तेथे फारसा उद्भवत नसे. राम कसा, रावण कसा, हे प्रेक्षक घरूनच शिकून आलेला असे. 1861 च्या 'थोरले माधवराव पेशवे'पासून लिखित संवादांची 'बुकिश' नाटके रुळू लागली. नटाच्या हाती 'नक्कल' पडली, म्हणजे त्याच्या वाट्याच्या भाषणांची उतरवून घेतलेली प्रत. पाठांतराची सोय झाली; अर्थाची होईलच असे नव्हते.

1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात असताना आगरकरांनी हॅम्लेटच्या भाषांतराचे काम केले. ते 'विकारविलसित' या नावाने 1883 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले आणि गणपतराव त्यातले चंद्रसेन झाले.

चंद्रसेनाची अडचण अशी की त्याचे वेड सोंगाचे, पण दुःख खरे. दोन्ही एकाच सुरात बोलली गेली की भूमिका कोसळते. हे वाक्य समोरच्याला फसविण्यासाठी आहे, की मनातले नकळत ओठांवर आले आहे? प्रत्येक भाषणापाशी नटाला हा निवाडा करावा लागतो. तो नकलेत लिहिलेला नसतो. कोणीतरी नटाशेजारी बसून तो उलगडून दाखवावा लागतो.

असे बसणाऱ्यांत गोविंद बल्लाळ देवल अग्रगण्य. अण्णासाहेब किर्लोस्करांचे शिष्य, बेळगावास काही काळ शाळामास्तर. वर्गातली फोड करून सांगण्याची सवय त्यांनी तालमीत आणली असावी, असे मानावयास जागा आहे. 1890 चे त्यांचे 'झुंजारराव' हे ऑथेल्लोचे रूपांतर. ऑथेल्लो मराठीत नवा नव्हता. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर 1867 पासून उपलब्ध होते. देवलांनी मात्र ऑथेल्लोचा झुंजारराव, डेस्डिमोनाची कमळजा आणि इयागोचा जाधवराव केला. निम्मी शिकवणी येथेच झाली म्हणावयाची! व्हेनिस न पाहिलेल्या नटाला आता व्हेनिस कल्पावे लागत नव्हते. ओळखीच्या मराठा सरदाराच्या मनात संशय कसा शिरतो, एवढेच पाहावयाचे होते. हा संशय पायरीपायरीने चढतो. पहिल्याच अंकात गर्जना करणाऱ्या नटापाशी शेवटासाठी काही उरत नाही.

दुसरे गुरू फर्ग्युसन महाविद्यालयातील इंग्रजीचे प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर. 'टेमिंग ऑफ द श्रू'वरून त्यांनी 'त्राटिका' लिहिले आणि गणपतराव व बाळाभाऊ जोग यांना त्याची तालीम दिली. त्राटिकेची भूमिका अर्थातच जोगांची, म्हणजे पुरुषाची. 'नाटक्या' हा शब्द सभ्य घरांत जवळजवळ शिवीसारखा वापरला जाई, त्या काळी एक प्राध्यापक नटांना शेक्सपिअर समजावीत होता. ही गोष्ट किरकोळ नव्हे.

पुढच्या पिढ्यांनी गणपतरावांच्या यशाचे श्रेय बहुधा उपजत प्रतिभेला दिले. त्यात गुरूंवर अन्याय होतो. पण सारे श्रेय गुरूंच्या पदरी टाकणेही तितकेच चुकीचे. अर्थ सांगणे निराळे आणि तोच अर्थ वर्षानुवर्षे, गावोगावी, रात्री-अपरात्री आवाजात व देहात जागता ठेवणे निराळे. हे दुसरे काम ना देवलांनी केले, ना केळकरांनी.

देवलांची तालीम पुढे 1899 च्या 'शारदा'निमित्ताने किर्लोस्कर मंडळीतील नटांनाही लाभली. त्या मंडळीतील गणपतराव बोडस यांचे 'माझी भूमिका' हे आत्मचरित्र या काळाच्या अभ्यासकाने अवश्य वाचावे.