पेटीतले ग्रंथालय : बडोद्यापासून दुबईपर्यंत

परदेशातल्या शाळेसाठी किंवा वस्तीसाठी पुस्तके गोळा करून तिथे ग्रंथालय उभे करणे हे काम गेल्या पाऊणशे वर्षांत जगभर स्वयंसेवकांच्या हातून वाढले. मराठी माणसाच्या वाट्याला ते दोन्ही बाजूंनी आले. आधी परदेशातून पुस्तके मराठी शाळांत आली आणि पुढे मराठी पुस्तके पेटीत बसून परदेशी गेली. या दोन टोकांमध्ये जवळजवळ दोन शतकांचे अंतर आहे.

पहिले टोक मुंबईत सापडते. गव्हर्नर एलफिन्स्टनच्या काळात, 1822 च्या सुमारास, देशी शाळांसाठी पुस्तके तयार करणारी मंडळी मुंबईत स्थापन झाली. मराठी लोक तिला हैंदशाळा पुस्तक मंडळी म्हणत. इंग्लंडहून येणारी पुस्तके हाताशी असली तरी ती गावच्या मुलाला वाचता येणे शक्य नव्हते. म्हणून मंडळीने भाषांतरे करवून घेतली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी बेर्कँ या फ्रेंच लेखकाची मुलांसाठीची पुस्तके इंग्रजीच्या आधारे मराठीत आणली आणि 1828 मध्ये ‘बाळमित्र’ छापून निघाले. त्याच वर्षी त्यांच्या इसापनीतीच्या गोष्टीही छापल्या गेल्या. मराठी मुलांच्या वाचनाची सुरुवात अशी आयात मालावर झाली खरी, पण तो माल मराठी करून घेतल्यावरच कामाला आला. दान आलेल्या पुस्तकांचा पुढचा सगळा इतिहास याच अडचणीभोवती फिरतो.

ग्रंथालयेही त्याच सुमारास निघाली. रत्नागिरीचे वाचनालय 1828 चे, नाशिकचे 1840 चे, पुण्याचे 1848 चे. पुण्याच्या वाचनालयामागे लोकहितवादींचा पुढाकार होता. कल्याणात 1864 मध्ये वाचनालय सुरू झाले. ही बहुतेक शहरांची आणि इंग्रजी जाणणाऱ्यांची ठाणी होती. मराठीपुरते बोलायचे तर निर्णायक वर्ष 1893. त्या वर्षी 1 जूनला ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे त्याच्या संस्थापकांत होते. मराठीत छापलेले प्रत्येक पुस्तक एका ठिकाणी जमवावे, हा त्यांचा उद्देश होता. मराठी पुस्तकांची मोजदाद आणि जपणूक नेटाने करू पाहणारी ही पहिली संस्था म्हणता येईल. उदाहरणार्थ, वसई तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता, तो पालघर जिल्ह्यात गेला 1 ऑगस्ट 2014 रोजी. म्हणजे वसईच्या पूर्वेकडल्या चिंचोटी, कामण या पट्ट्यातल्या गावांच्या जिल्ह्याच्या ठिकाणी मराठी ग्रंथांचे हे भांडार एकशे वीस वर्षांहून अधिक काळ उभे होते. मात्र वाचकाने तिथवर जायला हवे होते.

पुस्तकानेच वाचकाकडे जावे, ही कल्पना राज्यव्यवस्थेच्या बळावर आणली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. बडोदे संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग 1893 मध्ये अमरेली भागात झाला आणि 1906 मध्ये तो संस्थानभर लागू झाला. शाळा सुटली की मूल वाचायला विसरते, हे ध्यानात आल्यावर महाराजांनी ग्रंथालयांकडे लक्ष वळवले. अमेरिकेच्या दौऱ्यात तिथली सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली होती. 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला त्यांनी बडोद्यास बोलावले. बॉर्डन तीनच वर्षे राहिला, पण मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची ग्रंथालये आणि फिरती ग्रंथालये अशी सगळी घडी तो बसवून गेला. गावच्या ग्रंथालयाला पैसे मिळण्याची रीत पाहण्यासारखी आहे. गावकऱ्यांनी जेवढी रक्कम जमवावी तेवढीच प्रांत पंचायतीने द्यायची आणि तेवढीच सरकारने. गावाने हात आखडता घेतला तर सरकारचाही हात आखडायचा.

ज्या गावात तेवढीही ऐपत नव्हती तिथे पेटी जात असे. मजबूत लाकडी पेटी, आत निवडून लावलेली पंधरा ते तीस पुस्तके. पेटी गावात उघडली की तीच कपाट होई. शाळामास्तर किंवा एखादा जाणता गावकरी ती सांभाळी. मुदत संपली की पेटी परत जाई आणि दुसरी येई. नेण्या-आणण्याचा खर्च संस्थान सोसत असे. ही रीत अमेरिकेतली होती. ग्रंथपाल मेल्विल ड्यूईने न्यूयॉर्क राज्यात 1893 पासून शंभर शंभर पुस्तकांचे संच गावोगाव पाठवले होते. बडोद्याने मात्र पुस्तके मुख्यतः गुजराती आणि मराठी ठेवली आणि जिथे पुरेशी पुस्तके नव्हती तिथे ती लिहवून घेतली. सयाजी साहित्यमाला आणि सयाजी बालज्ञानमाला यांतून दोन्ही भाषांत पुस्तके निघाली. हैंदशाळा मंडळीला जे उमगले होते ते इथे राज्याचे धोरण झाले. मराठी ग्रंथालयांच्या इतिहासात बडोद्याला जेवढे स्थान मिळायला हवे तेवढे अजून दिले जात नाही.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्याखाली अनुदान मिळणाऱ्या ग्रंथालयांची संख्या बारा हजारांवर गेली. अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडणारी ही ग्रंथालये सरकारी नाहीत. ती गावातल्या मंडळांनी चालवलेली, अनुदानावर तगणारी लोकांची ग्रंथालये आहेत. त्यामुळे त्यांचा जीव गावातल्या दोन-चार माणसांच्या हौसेत असतो. ती माणसे थकली की कपाटांना कुलूप लागते.

पेटीची रीत मराठीत पुन्हा जिवंत झाली ती नाशिकमध्ये. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचे विश्वस्त विनायक रानडे यांनी 2009 मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. वाढदिवसाच्या दिवशी पुष्पगुच्छ आणि केक यांवर होणारा खर्च पुस्तकांसाठी द्यावा, एवढेच आवाहन लोकांना केले गेले. त्या पैशांतून पुस्तके घेतली गेली आणि त्यांच्या पेट्या झाल्या. एका पेटीत 25 पुस्तके, एका पेटीमागे साधारण 35 वाचकांचा गट आणि पेटी सांभाळणारा एक समन्वयक. वाचकाला वर्गणी नाही, अनामत नाही. ठरावीक मुदतीनंतर दोन गट आपापल्या पेट्या अदलाबदल करतात, म्हणजे प्रत्येकाला पुन्हा नवी 25 पुस्तके. सोसायट्या, कचेऱ्या, रुग्णालये आणि नाशिकरोडचे कारागृह अशा ठिकाणी पेट्या पोचल्या. जमलेल्या ग्रंथांची किंमत एक कोटी रुपयांच्या पुढे गेली.

परदेशात पेट्या गेल्या त्या दुबईपासून, 2014 च्या सुमारास. पुढे नेदरलँड्स, टोकियो, अटलांटा, स्वित्झर्लंड इथल्या मराठी कुटुंबांनी त्या मागवल्या. परदेशी मराठी मंडळे त्याआधीही होती. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 चे, अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 चे. परदेशातले मराठी शाळांचे वर्ग बहुतेक शनिवार-रविवारी, आई-वडिलांनीच शिक्षक होऊन चालवलेले असतात. अशा वर्गात मुळाक्षरे येतात, पण घरी गेल्यावर हाताशी गोष्टीचे पुस्तक नसेल तर ती टिकत नाहीत. सयाजीरावांना बडोदे संस्थानात दिसलेला प्रश्न शंभर वर्षांनी अटलांटात उभा राहिला. मुलांसाठी वेगळ्या पेट्या करणारा बालविभाग नाशिकच्या उपक्रमात पुढे जोडला गेला, तो याचसाठी मोलाचा आहे.

या पेट्या आणि पाश्चात्त्य देशांतून आफ्रिका-आशियाकडे जाणारी पुस्तके यांत एक फरक आहे. 1950 च्या दशकात बहामा बेटांच्या गव्हर्नरची पत्नी लेडी रॅनफर्ली हिने तिथल्या शाळांसाठी ब्रिटनमधल्या स्नेह्यांकडून पुस्तके मागवली. त्यातून उभी राहिलेली संस्था आज बुक एड इंटरनॅशनल या नावाने चालते. अमेरिकेत बुक्स फॉर आफ्रिका 1988 मध्ये निघाली. जॉन वुड याने 1999 मध्ये याकच्या पाठीवरून नेपाळच्या डोंगरातल्या शाळेत पुस्तके नेली आणि पुढल्याच वर्षी रूम टू रीड ही संस्था स्थापन केली. या कामामागची माया खरी होती. पण घरातून निघालेल्या वापरलेल्या पुस्तकांत जुनी पाठ्यपुस्तके येतात, परक्या देशातल्या गोष्टी येतात आणि शाळेतल्या मुलाची भाषा येतच नाही. म्हणूनच बुक एड आता प्रकाशकांकडून नवी पुस्तके घेऊन पाठवते आणि रूम टू रीडने 2003 पासून स्थानिक भाषांत पुस्तके काढायला घेतली. छत्र्यांनी 1828 मध्ये धरलेल्या वाटेवरच या संस्था आल्या. नाशिकच्या पेटीला हा वळसा घ्यावा लागला नाही, कारण तिथे दान पैशाचे होते, निवड जाणकारांची आणि भाषा वाचकाच्या घरची.

घरची भाषा हा प्रश्न परदेशापुरता नाही. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवरचे मूल शाळेत येते तेव्हा पाठ्यपुस्तकातली मराठी त्याला निम्मी परकीच असते. हे ओळखून काम करणाऱ्या ताराबाई मोडक याच जिल्ह्यात होऊन गेल्या. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. 1957 मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, या विचारातून अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाल्या. खेळणी केली ती शंख, शिंपले, बिया, पाने यांची, म्हणजे मुलाच्या ओळखीची. पुस्तकाच्या पेटीनेही याच रीतीने वारली किंवा कातकरी मुलाच्या बोलीतल्या गोष्टी पोटात घेतल्या, तर ती पाड्यावर नुसती पडून राहणार नाही.

याच जिल्ह्यातले, तुंगारेश्वरच्या डोंगराखालचे चिंचोटी हे नाशिकहून येणाऱ्या अशा पेटीच्या वाटेवरच आहे. नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने निघालेले वाहन भिवंडीजवळ माणकोलीला वळते, अंजूरफाटा आणि कामणवरून येते आणि चिंचोटीला अहमदाबाद महामार्गाला मिळते. वसईच्या पूर्व पट्ट्यातले काही पाडे याच रस्त्याच्या दोन्ही अंगांना आहेत.