ताऱ्यांच्या चित्रकथा

खऱ्या नटाला, गायकाला किंवा खेळाडूला त्याच्याच नावारूपाने नायक करून रचलेल्या काल्पनिक चित्रकथा. चरित्रपर चित्रकथा घडलेले सांगते. ताऱ्यांच्या चित्रकथेत घडलेले काहीच नसते, खरा असतो तो फक्त चेहरा.

भारतातील ठळक उदाहरण ‘सुप्रीमो’. ‘अमर चित्रकथा’ काढणाऱ्या मुंबईच्या इंडिया बुक हाउसनेच 1980 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘स्टार कॉमिक्स’ या नावाखाली ही मालिका आणली. ती सुमारे 2 वर्षे चालली. कल्पना पम्मी बक्षी यांची, संहितेचे सल्लागार गुलजार. नायक अमिताभ बच्चन: एरवी नट, संकट आले की सुप्रीमो. विजय आणि अँथनी हे त्याचे साथीदार. दोन्ही नावे त्याच्याच पडद्यावरच्या भूमिकांची. शाहीन नावाचा ससाणाही दिमतीला. 26 जुलै 1982 रोजी ‘कुली’ चित्रपटाच्या चित्रीकरणात जायबंदी झालेल्या नटासाठी देशभर नवस बोलले गेले होते. त्याच नटाला कागदावर अजिंक्य करण्याची वेळ प्रकाशकाने अचूक साधली, असे म्हणता येते.

मालिकेचे खरे महत्त्व मात्र चित्रांत आहे. ती प्रताप मुळीक यांची. ‘अमर चित्रकथे’त त्यांचा हात पुराण-इतिहासावर बसलेला होता. कृष्ण किंवा अर्जुन कसा दिसायचा, याचा जाब चित्रकाराला कोणी विचारत नाही. बच्चनची हनुवटी चुकली तर पोरसुद्धा बोट ठेवते. शिवाय तोच चेहरा पळताना, पोहताना, मारामारीत, वरून-खालून, चौकटीमागून चौकटीत ओळखू आला पाहिजे. वेताळाचे तसे नाही. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आलेल्या त्या नायकाचा उघडा चेहरा वाचकाने कधी पाहिलाच नाही. मुखवट्याने चित्रकाराचे निम्मे काम हलके केले. ताऱ्याला मुखवटा घातला तर विकायचे काय? मुळीकांनी मधली वाट काढली: अंगासरसा पोशाख आणि डोळ्यांवर गडद चष्मा. कथेपुरती ओळख लपली, वाचकापुरती राहिली. पुढे 1986 मध्ये राज कॉमिक्सच्या ‘नागराज’चे सुरुवातीचे अंकही त्यांनीच रेखाटले. (पहा: नागराज.)

‘स्टार कॉमिक्स’नेच क्रिकेटपटू सुनील गावसकर यांना ‘सनी’ नावाचा गुप्तहेर केले. गावसकर त्याआधी ‘सावली प्रेमाची’ (1980) या मराठी चित्रपटात नायक झाले होते, त्यामुळे बॅटीवाचून दिसण्याची त्यांना सवय होती.

परदेशांत हा प्रकार बराच जुना. ब्रिटनमध्ये चार्ली चॅप्लिनची चित्रमालिका 1915 पासून छापली जाई. अमेरिकेत विनोदी नट बॉब होप यांच्या नावाचे पुस्तक 1950 ते 1968 चालले. ‘किस’ या रॉक वाद्यवृंदाने 1977 च्या मार्व्हलच्या विशेषांकासाठी छपाईच्या लाल शाईत स्वतःचे रक्त मिसळले. जाहिरातबाजीची ही हद्द होती. 1978 च्या एका चित्रकथेत मुष्टियोद्धा मुहम्मद अली सुपरमॅनशी लढला आणि जिंकला. चित्रे नील अ‍ॅडम्स यांची. मुखपृष्ठावरील प्रेक्षकांत त्यांनी कितीतरी नामवंतांचे चेहरे बसवले आहेत. साम्यचित्रणाचा तो आजही नमुना मानावा.

अलीकडे महेंद्रसिंह धोनी ‘अथर्व’ (2022) या चित्रकादंबरीत योद्धा झाला.

पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत, म्हणजे मूल, ब्रह्मपुरी, वडसा या पट्ट्यात, मात्र तारा चित्रकथेच्या पुस्तकापेक्षा नाटकाच्या फलकावर भेटतो.