जागल्या आणि घरधनी

खानदेशात दिवाळीच्या सुमारास पहाटेचा गारठा सुटला, की ओट्यावर बसलेल्या वडीलधाऱ्यांचे गुडघे बोलू लागतात. या साऱ्या दुखण्यांना आमच्याकडे नाव एकच, वात. पण वाताच्या या गोतावळ्यात एक सोयरा निराळा आहे. तो म्हातारपणाची वाट पाहत नाही. ऐन तिशी-चाळिशीत येतो, तोही बहुधा बायकांकडे. दोन्ही हातांची बोटे सुजवतो आणि सकाळी तास-दोन तास त्यांना वळू देत नाही.

माझ्या आत्याचे असेच झाले. खापरावरचे मांडे करावेत ते तिनेच, असा तिचा धुळ्यात लौकिक होता. बोटे आखडली तेव्हा कुणी गार पाण्याला दोष दिला, कुणी बाळंतपणातल्या हयगयीला. पाच-सहा वर्षांत बोटे वाकडी झाली, ती कायमचीच. त्या बोटांपायी मी या रोगाचा इतिहास धुंडाळू लागलो.

माधवकराने बाराशेहून अधिक वर्षांपूर्वी ‘माधवनिदाना’त आमवाताचे स्वतंत्र प्रकरण लिहिले. लंडनच्या गॅरडने १८५९ साली या रोगाला ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव दिले. पण खरी गोम रक्तात आहे, हे उमगायला आणखी ऐंशी वर्षे जावी लागली.

१८८२ साली मेचनिकॉफने तारामाशाच्या अळीत काटा टोचला. पाहतो तो पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या! आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी अशाच गावच्या जागल्यासारख्या पहारा करतात. मेचनिकॉफचा शिष्य हाफकीन १८९६ साली मुंबईत प्लेगवर लस करू लागला आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती त्याने आधी स्वतःलाच टोचून घेतली. लस देणे म्हणजे जागल्याला चोराची ओळख आधीच पटवून देणे.

पण जागल्यानेच घरधन्यावर काठी उगारली तर? शरीर असे स्वतःवर उलटणार नाही, असे थोर अर्लिखचे मत होते. १९४० साली नॉर्वेच्या वालरला आमवाताच्या रोग्यांच्या रक्तात शरीराच्याच प्रतिपिंडांवर उलटलेले प्रतिपिंड सापडले. पुढे १९६१ ते १९६५ या काळात पहारेकऱ्यांच्या जाती कळल्या: टी पेशी हाकाटी करतात, बी पेशी प्रतिपिंडे घडवतात. मोनोसाइट नावाच्या पेशी रक्तातून सांध्यात शिरून दाह भडकवणारी द्रव्ये ओततात. त्यांतल्या टीएनएफ या द्रव्याला आवर घातला तर सूज उतरते, हे फेल्डमन आणि मैनी यांनी १९९२ साली लंडनमध्ये रोग्यांवर दाखवून दिले.

हा रोग आपल्याकडे दुर्मीळ नाही. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी १९९६ साली भिगवण गावी घरोघर पाहणी केली, तेव्हा सुमारे दोनशे माणसांमागे एकाला तो आढळला. खानदेशच्या वाड्यावस्त्यांना हाच हिशेब लावून पाहावा.

आता धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २०१८ पासून जळगावलाही आहे. मेथोट्रेक्सेटची स्वस्त गोळी आहे; मात्र ती आठवड्यातून एकदाच, रक्त तपासत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर बहुतेकांचे सांधे वाचवता येतात; एकदा वाकडे झालेले बोट औषधाने सरळ होत नाही.

म्हणून फराळाच्या गडबडीत घरातल्या बायकांच्या हातांकडे जरा पाहावे. करंजीला मुरड घालताना एखादीची बोटे सकाळी अडत असतील, तर ‘वात आहे, जाईल’ म्हणून तिला गप्प बसवू नये.