तवक्कुल आणि निर्भयता : खुदाई खिदमतगारांचा धडा

आपल्या बोलण्यात ‘तवक्कुल’ हा शब्द पुष्कळदा येतो. मुलाच्या परीक्षेपासून घरातल्या आजारपणापर्यंत आपण ‘अल्लाहवर भरोसा ठेवा’ असे एकमेकांना सांगत असतो. पण हा भरोसा म्हणजे नेमके काय? हातपाय गाळून बसणे, जे होईल ते होऊ द्या म्हणणे, की आणखी काही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना इतिहासाकडे पाहणे उपयोगी ठरते.

पहिला दाखला हिजरतीचा. इ. स. ६२२ मध्ये पैगंबर साहेब (स.) आणि हजरत अबू बकर (रजि.) मक्केहून निघाले तेव्हा शत्रू मागावर होते. मदिना उत्तरेला, पण ते दक्षिणेकडच्या सौर डोंगरातल्या गुहेत तीन दिवस थांबले. घरी बिछान्यावर हजरत अली (रजि.) झोपले होते. हजरत अबू बकर यांचे चिरंजीव अब्दुल्लाह दिवसभर मक्केत राहून रात्री बातम्या आणीत. आमिर बिन फुहैरा बकऱ्यांचा कळप त्या वाटेने फिरवून पावलांच्या खुणा पुसून टाकीत. वाटाड्या म्हणून घेतलेला अब्दुल्लाह बिन उरैकित तर मुसलमानही नव्हता. इतकी सारी तजवीज झाल्यावर, शोध घेणारे गुहेच्या तोंडाशी येऊन ठेपले, तेव्हा पैगंबर साहेबांनी आपल्या सोबत्याला धीर दिला की आपण दोघेच नाही, अल्लाह आपल्यासोबत आहे.

या प्रसंगातला क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. माणसाला जे करता येईल ते सगळे आधी केले गेले. भरोसा त्यानंतर आला. उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरोसा ठेवावा, ही हदीसमधली शिकवण हेच सांगते. तवक्कुल ही आळशाची ढाल नाही. आपल्या हातात नसलेल्या गोष्टींच्या भीतीने हातातले कर्तव्य सुटू नये, यासाठी मनाला मिळालेले ते बळ आहे.

या बळाची आधुनिक काळातली मोठी कसोटी वायव्य सरहद्द प्रांतात लागली. पेशावरजवळच्या उतमानझाई गावी १८९० मध्ये खान अब्दुल गफ्फार खान यांचा जन्म झाला. लोक त्यांना प्रेमाने बादशाह खान म्हणत. त्यांचे वडील बेहराम खान गावचे प्रतिष्ठित खान होते. पण शत्रूला माफ करणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. ही गोष्ट साधी नव्हती. पठाणांच्या रिवाजात ‘बदल’, म्हणजे सूड, हे कर्तव्य मानले जाई. आजोबांच्या खुनाचा बदला नातू घेई. सूड न घेणारा भित्रा ठरे. म्हणजे शूर समजल्या जाणाऱ्या त्या समाजालाही एक भय होतेच. ते मरणाचे नव्हते. लोक काय म्हणतील, याचे होते.

बादशाह खानांनी हे दुखणे ओळखले. १९२१ मध्ये त्यांनी उतमानझाईला आझाद शाळा काढली. त्यासाठी तुरुंग भोगला. पुढे १९२९ मध्ये ‘खुदाई खिदमतगार’ ही संघटना उभी केली. नावामागचा विचार सरळ होता. खुदाला कोणाच्या सेवेची गरज नाही, म्हणून त्याच्या मखलूकची सेवा हीच त्याची खिदमत. खिदमतगार होणारा माणूस खुदाला साक्षी ठेवून शपथ घेई : हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही, जुलूम करणाऱ्यालाही माफ करीन, रोज काही वेळ समाजसेवेला देईन. पांढरे कपडे लवकर मळत म्हणून ते विटकरी तांबड्या रंगात रंगवले गेले आणि इंग्रजांनी त्यांना ‘लाल डगलेवाले’ म्हणायला सुरुवात केली. अहिंसा ही आपल्यासाठी परकी शिकवण नाही, मक्केतल्या तेरा वर्षांत पैगंबर साहेबांनी वापरलेले सब्राचे हत्यार तेच होते, असे बादशाह खान आपल्या लोकांना सांगत.

कसोटी लवकरच आली. २३ एप्रिल १९३० रोजी बादशाह खानांना अटक झाली. त्याच दिवशी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात पुढाऱ्यांच्या अटकेचा निषेध करायला जमाव गोळा झाला. चिलखती मोटारी गर्दीत घुसल्या, माणसे चिरडली गेली, एक मोटार पेटली. मग गोळीबार सुरू झाला. निःशस्त्र लोक पुढे येत राहिले. मृतांच्या सरकारी आकड्यात आणि लोकांच्या आकड्यात मोठी तफावत आहे. लोकांनी ही संख्या शेकड्यांत मोजली. गढवाल रायफल्सच्या सैनिकांना गोळी चालवण्याचा हुकूम झाला, तेव्हा चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी निःशस्त्रांवर गोळी झाडायला नकार दिला. समोर मुसलमान पठाण, बंदूक हिंदू गढवाल्यांच्या हातात. त्या नकारासाठी चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. एकाची निर्भयता दुसऱ्याच्या मनात कशी उतरते, याचे हे बोलके उदाहरण.

त्याहून महत्त्वाचे पुढेच आहे. गोळीबाराने लोक घरात बसतील, असा सरकारचा हिशेब होता. घडले उलटे. शेकड्यांत असलेली खिदमतगारांची संख्या थोड्याच महिन्यांत हजारोंच्या घरात गेली.

बादशाह खानांचे महाराष्ट्राशीही नाते आहे. १९३४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर त्यांना सरहद्द प्रांतात आणि पंजाबात यायला बंदी होती, म्हणून ते वर्ध्याला येऊन राहिले. त्याच वर्षी मुंबईत केलेल्या भाषणाबद्दल डिसेंबरात वर्ध्यातूनच त्यांना पकडले आणि दोन वर्षांची सजा झाली. १९३८ मध्ये गांधीजी सरहद्दीवर गेले, तेव्हा त्यांनी खिदमतगारांना कळीचा प्रश्न विचारला : हत्यार टाकल्यावर तुम्हाला आपण अधिक शूर झालो असे वाटते का? तसे वाटत नसेल तर हत्यार पुन्हा हाती घेतलेले बरे. भित्र्याची अहिंसा त्यांना नको होती.

मग या भरोशाचे फळ काय मिळाले, असे कोणी विचारील. व्यवहारी हिशेबाने पाहिले तर फारसे नाही. फाळणी झाली, ती त्यांच्या मनाविरुद्ध. १२ ऑगस्ट १९४८ रोजी चारसद्दा भागातल्या बाबडा गावी निःशस्त्र खिदमतगारांवर पुन्हा गोळ्या चालल्या, आणि या वेळी गोळ्या झाडणारे सरकार मुसलमानांचेच होते. बादशाह खानांच्या आयुष्याची पंचवीसहून अधिक वर्षे इंग्रजांच्या आणि पाकिस्तानच्या तुरुंगांत व नजरकैदेत गेली. २० जानेवारी १९८८ रोजी पेशावरला त्यांचे निधन झाले.

म्हणजे ईमान असले की गोळी लागत नाही, असे इतिहास सांगत नाही. तो इतकेच सांगतो की गोळीची भीती माणसाकडून काय करून घेते, हे ठरवण्याचा अधिकार ईमानवाला माणूस गोळीवाल्याला देत नाही. निकाल अल्लाहच्या हाती सोपवलेला असतो, म्हणून कृती स्वतःच्या हाती राहते.

१९६९ साली अहमदाबाद दंगलीत होरपळून निघाले. बादशाह खान त्याच सुमारास भारतात आले होते. जवळजवळ ऐंशीच्या घरातल्या या वृद्धाने तीन दिवस उपवास केला आणि मग ते दंगलग्रस्तांमध्ये जाऊन बसले. त्यानंतरच्या काळातही आपल्या शहरांनी दंगली पाहिल्या, मोहल्ल्यांनी भीतीच्या रात्री जागून काढल्या. भीती माणसाला दोनच वाटा दाखवते. एक दार लावून घेण्याची, दुसरी हत्यार उचलण्याची. तिसरी वाट खुदाई खिदमतगारांनी चालून दाखवली : शाळा काढा, गल्ली झाडा, शेजाऱ्याच्या मदतीला जा, अन्यायाला तोंडावर अन्याय म्हणा आणि परिणाम अल्लाहवर सोडा.

ही वाट अवघड आहे. पण ती आपल्याच घरातली आहे. तिची सुरुवात सौरच्या गुहेपासून होते.